चिमणीच्या पाइपातलं पाणी

जुलैतली सकाळ. शेगडी रात्रीपासून बंद, आणि ओट्यावर, बरोबर चिमणीच्या खाली, कोऱ्या चहाच्या रंगाचे चार थेंब. घरात सगळ्यांचं एकच निदान असतं: तेल गळतंय. मग फिल्टर धुतला जातो, ऑइल कप रिकामा होतो, आणि आठवडाभरात थेंब पुन्हा हजर.

फोन करण्याआधी एक करा. थेंब वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर टिपा आणि कागद तासभर पंख्याखाली ठेवा. तेल असेल तर डाग वाळत नाही, कागद तिथे अर्धपारदर्शक होऊन राहतो. पाणी असेल तर कागद सुरकुततो आणि कडेला तपकिरी वर्तुळ उरतं. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, मालवण, गोवा या पट्ट्यात पावसाळ्यात बहुधा वर्तुळच निघतं. ते पाणी पाइपातलं असतं. फिल्टर कितीही घासा, त्याला काही फरक पडत नाही.

पाणी पाइपात तीन वाटांनी येतं. पहिली वाट वाफेची. २५ अंशांच्या हवेत एका घनमीटरला जास्तीत जास्त २३ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते, ४० अंशांच्या हवेत ५१ ग्रॅम. भाताच्या, माशाच्या कालवणाच्या पातेल्यावरची गरम हवा पावसाळ्यातल्या गार पाइपाला लागली की जास्तीची वाफ तिथेच पाणी होते. पुण्या-सोलापुराकडे बाहेरची हवा कोरडी असेल तेव्हा हे पाणी चिमणी चालू असतानाच सुकून जातं. किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर बाहेरची हवाच भिजलेली असते, ती काय सुकवणार? दुसरी वाट झडीची: तिरका पाऊस बाहेरच्या तोंडातून सरळ आत. तिसरी भिंतीची: पाइप आणि भोक यांच्यामधल्या फटीतून पाणी पाइपाच्या बाहेरच्या अंगाने उतरतं आणि हूडच्या, म्हणजे शेगडीवरच्या चिमणीच्या पेटीच्या, मागून ठिबकतं.

कोणती वाट आहे हे वेळेवरून कळतं. स्वयंपाक झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासात थेंब पडले तर वाफ. गॅस लावलेलाच नाही आणि जोराच्या सरीनंतर पडले तर झड. पाऊस थांबल्यावरही दिवस-दोन दिवस ठिबकत राहिलं आणि भिंतीवर भोकाभोवती ओल दिसली तर भिंत.

वाफेवर मुख्य उपाय उतार. आडवा पाइप हूडपासून बाहेरच्या दिशेने खाली उतरला पाहिजे, दर फुटाला पाव इंच. सहा फुटांच्या पाइपाला दीड इंच. बसवणारे बहुतेक वेळा पाइप छताला समांतर नेतात, किंवा दिसायला नीट म्हणून बाहेरच्या बाजूला थोडा उचलतात, आणि मग पाइपात जमलेलं सगळं परत मोटारीवर येतं. जांभ्याच्या चिऱ्याची भिंत असेल तर भोकालाच उतार द्यावा लागतो, कारण नऊ इंच जाडीच्या भिंतीत सरळ भोक पडलं की पाइप नंतर वाकत नाही. चिरा पाणी पितो हेही लक्षात ठेवा. भोकात आधी पीव्हीसीचा एक मोठा तुकडा बाही म्हणून घालायचा, त्यातून चिमणीचा पाइप न्यायचा, आणि बाहेरची फट सिलिकॉनने भरायची. नुसतं व्हाइट सिमेंट थापलं की एका पावसात त्याला केसासारखी चीर जाते. शिवाय ओलं सिमेंट ॲल्युमिनियमला खातं. भिंतीत सिमेंटने बुजवलेला ॲल्युमिनियमचा पाइप दोन-तीन वर्षांनी ओढला तर भिंतीतल्या भागाला चाळणीसारखी भोकं पडलेली दिसतात आणि कडेला पांढरी पूड.

पाइप हूडवरून सरळ वर जाऊन मग वळत असेल तर उभ्या भागातलं पाणी मोटारीवर येणारच. तो उभा भाग शक्य तितका आखूड ठेवा. जोड देताना वरचा पाइप खालच्या पाइपाच्या आत गेला पाहिजे. उलटं केलं की पाणी-तेल जोडातून बाहेर झिरपतं आणि फॉल्स सीलिंगवर डाग पडतो. बाहेर इमारतीच्या भिंतीला लागून उभा पाइप नेला असेल तर तळाशी एल्बोऐवजी (कोपऱ्याच्या जोडाऐवजी) टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवून खालच्या तोंडाला फिरकीचं झाकण लावा. महिन्यातून एकदा ते उघडलं की पेलाभर काळं पाणी निघतं. तेच झाकण साफसफाईलाही उपयोगी पडतं.

आता धातू. समुद्राचं मीठ हवेत ७५ टक्के आर्द्रता झाली की आपोआप विरघळून पाणी होतं, आणि त्यातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर त्याच्या निम्म्याहून कमी आर्द्रतेलाही ओलं राहतं. म्हणजे पाइपावर, स्क्रूवर, बाहेरच्या टोपीवर बसलेलं मीठ पावसाळाभर सुकतच नाही. गंज पाइपाच्या आतून कमी लागतो, तिथे तेलाचा थर असतो. तो सुरू होतो बाहेरून: क्लॅम्पचा स्क्रू, टोपीची कडा, जाळीचे वेल्ड. दुकानात ‘एसएस’ म्हणून मिळणारी पुष्कळशी टोपी २०२ ग्रेडची असते आणि ती पहिल्याच वर्षी तांबूस होते. लोहचुंबक लावून काही कळत नाही, २०२ आणि त्याहून चांगल्या ३०४ ग्रेडला, दोन्हीला तो चिकटत नाही. ग्रेड बिलावर लिहून घ्यायची. किनाऱ्यापासून पाच किलोमीटरच्या आत ३०४ वरही चहाच्या डागासारखा तपकिरी रंग चढतो. तो वरवरचा असतो, साबणाच्या कापडाने पुसला की जातो, घाबरू नका. घर अगदी समुद्रासमोर असेल तर बाहेरची टोपी आणि शेवटचे दोन फूट पाइप ३१६ चा घ्या. त्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि मिठाला ते पुरून उरतं. आतला सगळा पाइप ३१६ चा करण्यात मात्र पैसे वाया जातात.

गंजत नाही म्हणून कोकणात सर्रास पीव्हीसीचा ड्रेनेज पाइप वापरतात. आतून गुळगुळीत असतो, उतार छान देता येतो, हे मान्य. पण पीव्हीसी ७५-८० अंशांच्या पुढे मऊ पडतो, आणि कढईतल्या तेलाने पेट घेतला तर त्याचा धूर विषारी असतो. आमचं मत असं: हूडपासून पहिला दीड मीटर धातूचाच हवा. भिंतीतली बाही पीव्हीसीची चालेल.

ॲकॉर्डियनसारखा ताणला जाणारा ॲल्युमिनियम फॉइलचा पाइप स्वस्त आणि सोयीचा आहे, पण तो पूर्ण ताणूनच लावायचा. जास्तीची लांबी गुंडाळून माळ्यावर कोंबली की झोळ पडतो, आणि झोळात तेल-पाणी साचून तळं होतं. व्यास सहा इंच असेल तर शेवटपर्यंत सहाच ठेवा. खिडकीच्या काचेला चार इंची भोक आहे म्हणून शेवटी रिड्यूसर लावला की वाट ४४ टक्क्यांवर येते, मग ताशी १२०० घनमीटर हवा ओढणारी चिमणी घेऊन काही उपयोग नाही.

बाहेरचं तोंड पश्चिमेला किंवा नैऋत्येला असेल तर झड आत येणारच. जागा बदलता येत नसेल तर शेवटी एक एल्बो लावून तोंड जमिनीकडे करा. कौलारू घरात पाइप कौलांतून वर काढायच्या फंदात पडू नका, पागोळीच्या आत, भिंतीतूनच काढा. टोपीला अर्धा इंची जाळी हवी. डासांची बारीक जाळी लावली तर दोन महिन्यांत ती तेलाने बुजते. अजिबात नाही लावली तर खरीखुरी चिमणी येऊन राहते, किंवा साळुंकी. वाळलेलं गवत, त्यावर तेल, खाली फोडणी: याहून चांगलं सरपण नाही. घरट्यात अंडी-पिल्लं असतील तर ती उडून जाईपर्यंत मोटार बंद ठेवून खिडकी उघडी ठेवा. नंतर घरटं काढा आणि त्याच दिवशी जाळी लावा, कारण जागा सोडायला त्या तयार नसतात.

पाइपाची साफसफाई वर्षातून दोनदा. मोठी मेच्या मध्यात, कोरड्या दिवशी. छोटी ऑक्टोबरात, दिवाळीच्या फराळाआधी. पावसाळ्यात पाइप उघडू नका. ओल्या आणि तेलकट धातूवर फॉइल टेप धरत नाही, धरल्यासारखी वाटते आणि चार दिवसांनी सुटते.

प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. शेगडीवर जुनी चादर आणि त्यावर वर्तमानपत्रं पसरा. फिल्टर काढून बाजूला ठेवा. क्लॅम्प ढिला करण्यापूर्वी पाइपावर आणि हूडच्या कॉलरवर मार्करने एक उभी रेघ मारा, म्हणजे परत बसवताना पाइप फिरून उतार बिघडत नाही. पाइप उतरवताना खालचं तोंड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रबराने बांधा. हे विसरलात तर साचलेलं सगळं तुमच्या कोपरापर्यंत येईल.

फॉइलचा पाइप असेल तर तो घासत बसू नका. घड्यांत ब्रश अडकतो आणि पाइप फाटतो. दोन वर्षांनी सरळ नवा लावा. कडक पाइप असेल तर आधी आत मूठ-मूठ लाकडाचा भुसा टाकून पाइप आडवा धरून फिरवा. आठ फुटांना अर्धा किलो पुरतो. भुसा ओलं तेल पितो आणि पाण्याचं काम निम्म्यावर येतं. मग प्लॅस्टिकच्या उलथन्याने जाड थर खरवडा, सहा इंची नायलॉनचा गोल ब्रश काठीला बांधून एका टोकाकडून दुसऱ्याकडे ओढा, आणि शेवटी पाच लिटर गरम पाण्यात ५० मिली भांड्यांचा लिक्विड साबण घालून फडक्याने पुसा. तारेचा ब्रश किंवा तारेची घासणी स्टीलला लावायची नाही. तिचे लोखंडी कण पृष्ठभागात रुततात आणि आठवडाभरात तिथेच गंजाचे ठिपके उठतात. लोक मग स्टीलला दोष देतात.

थर किती चिवट असेल ते घरातल्या तेलावर ठरतं. करडई, सूर्यफूल, सोयाबीन ही तेलं हवेत हळूहळू वाळून वार्निशासारखी घट्ट होतात, सुतार लाकडाला लावतात त्या जवसाच्या तेलासारखीच. खोबरेल तसं वाळत नाही, फक्त २४ अंशांच्या खाली गोठतं. ज्या घरात खोबरेलावर स्वयंपाक होतो तिथे पाइप गरम साबणाच्या पाण्याने सुटतो. बाकीच्यांनी भिजवायला वेळ धरावा.

फिल्टर जर स्टीलचा बॅफल असेल, म्हणजे नळीदार पट्ट्यांचा, तर कॉस्टिक सोडा चालतो. प्लॅस्टिकच्या टबात आधी पाच लिटर साधं पाणी, त्यात १०० ग्रॅम कॉस्टिक थोडं थोडं सोडायचं, ते विरघळल्यावर पाच लिटर गरम पाणी. क्रम उलटा नको. कॉस्टिकवर पाणी ओतलं किंवा ते उकळत्या पाण्यात टाकलं तर उसळून अंगावर येतं. रबरी हातमोजे आणि चष्मा लागतोच. वीस मिनिटं पुरेत. फिल्टर, पाइप किंवा टब यातलं काहीही ॲल्युमिनियमचं असेल तर कॉस्टिकचा डबा उघडूसुद्धा नका. ॲल्युमिनियम त्यात फसफसून काळं पडतं, झिजतं, आणि निघणारा हायड्रोजन पेट घेतो. जाळीदार फिल्टर बहुधा ॲल्युमिनियमचेच असतात. त्यांना गरम पाणी आणि साबण, बस. ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड स्टीलला लागू द्यायचं नाही, त्यातल्या क्लोराइडने बारीक खड्डे पडतात.

शेवटचं पाणी गोडं हवं. किनाऱ्यालगतच्या कित्येक विहिरी-बोअरवेलचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. त्यात धुऊन फिल्टर उन्हात वाळवला की मीठ तसंच वर राहतं आणि पहिल्या दमट दिवशी ओलं होतं. पिण्याच्या पाण्याची एक बादली यासाठी बाजूला काढा.

मोटारीच्या वरच्या तोंडाला प्लॅस्टिकच्या दोन अर्धचंद्राकृती झडपा असतात, फ्लॅप म्हणतात त्याला. ओढ कमी झाल्याच्या निम्म्या तक्रारी इथेच सुटतात. पाइपात सगळीकडे पाच मिलिमीटर थर बसला तरी वाट १३ टक्केच कमी होते, पण एक फ्लॅप तेलाने चिकटली तर सरळ अर्धी. कोमट साबणाच्या पाण्याने पुसा, कोरडी करा, बिजागरीला तेल देऊ नका. पहिल्या स्पीडला दोन्ही उघडल्या पाहिजेत आणि बंद केल्यावर टप् असा आवाज करून मिटल्या पाहिजेत.

ब्लोअरचा पंखा धुताना पात्यांवरच्या छोट्या धातूच्या क्लिपा काढू नका. त्या कचरा नाहीत, पंख्याचा तोल साधायला कारखान्यात लावलेल्या असतात. एक पडली की चिमणी थरथरायला लागते.

ओढ कमी आहे आणि दोष कुठे कळत नाही, तेव्हा आवाज ऐका. वाट तुंबली असेल तर पंख्यावरचा भार हलका होतो, तो जास्त वेगाने फिरतो आणि आवाज बारीक, चढा होतो. मोटार जड घुमत असेल आणि वेगच धरत नसेल तर कपॅसिटर किंवा बेअरिंग. कपॅसिटर त्यावर छापलेल्या मायक्रोफॅरडचाच घ्यायचा. आणखी खात्री हवी तर पाइप कॉलरपासून सोडवून मिनिटभर चालवा. फिल्टरला धरलेला कागद आता चिकटतोय आणि पाइप लावल्यावर सुटतोय, तर मोटार ठणठणीत आहे, पाइपात शोधा.

ऑटोक्लीनबद्दल गैरसमज फार. आतला हीटर ब्लोअरच्या घरातलं तेल पातळ करून कपात उतरवतो, पाइपाला त्याचा काहीही फायदा नाही. दमट हवेत तो हीटर महिनोन्महिने वापरला नाही तर त्याच्या आतलं इन्सुलेशन ओल धरतं, आणि ऑगस्टात कधीतरी ऑटोक्लीन दाबलं की ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, खाली पडतो, अख्ख्या घराची वीज जाते. हा चिमणीवरचा राग मग इलेक्ट्रिशियनवर निघतो. दर पंधरा दिवसांनी ऑटोक्लीन चालवत राहिलं तर हीटर कोरडा राहतो. एकदा ट्रिप झाल्यावर मात्र पुन्हा पुन्हा दाबून बघू नका, तपासून घ्या.

रोजच्या वापरात दोनच सवयी. गॅस पेटवण्याआधी पाच मिनिटं चिमणी सुरू, आणि गॅस बंद केल्यावर पंधरा मिनिटं चालू, म्हणजे पाइपातली वाफ बाहेर पडते. आणि पावसाळ्यात सगळी दारं-खिडक्या घट्ट लावून चिमणी फुल स्पीडवर चालवू नका. जेवढी हवा बाहेर जाते तेवढी कुठून तरी आत यावीच लागते. ती मिळाली नाही तर चिमणी बाथरूमकडून ओढते, आणि बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर त्याचा धूर उलटा घरात येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. सगळं बंद करून चिमणी लावा आणि बाथरूमच्या दाराच्या फटीशी पेटलेली उदबत्ती धरा. धूर स्वयंपाकघराकडे वळला तर चिमणीपासून दूरची एक खिडकी चार बोटं उघडी राहिलीच पाहिजे. गिझर आणि चिमणी एकाच वेळी तर नाहीच.

पाइप न लावता कार्बन फिल्टरवर चालणारी चिमणी किनाऱ्यावर घेऊ नये. ती वास थोडा कमी करते, वाफ जशीच्या तशी घरात सोडते, आणि सप्टेंबरपर्यंत कपाटांच्या वर बुरशी.

राहिला प्रश्न मुंबईकरांच्या गावच्या घराचा, मे संपताना कुलूप आणि थेट गणपतीला उघडणार. तेलकट पाइप तसाच सोडून गेलात तर आत बुरशी धरते आणि पहिल्या दिवशी चिमणी लावली की सगळ्या घरभर कुबट वास. निघण्याच्या आदल्या दिवशी पाइप आणि फिल्टर साफ करा, चिमणी अर्धा तास रिकामी चालवून आतून वाळवा, ऑइल कप धुऊन पालथा ठेवा, फिल्टर काढून वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात. बाहेरच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधू नका, आत घाम धरतो. दुहेरी सुती कापड बांधा आणि त्यावर टोपी. मग प्लग काढा आणि बोर्डावर चिकटपट्टीने चिठ्ठी लावा: ‘बाहेर कापड बांधलंय, काढल्याशिवाय लावू नये.’ गणपतीत घरात वीस माणसं असतात आणि पहिली फोडणी कोण टाकेल, सांगता येत नाही.